बिरू पाणी घेत नाही

बावड्याचा बिरू बांधाबांधानं येताना दिसला, की आसपासच्या गावांतली माणसं बावड्यातले आपले नातेवाईक बोटांवर मोजायला लागायची. सगळ्यांत म्हातारं कोण, कुणाला खोकला होता, दिवाळीत कुणाचे पाय सुजले होते, याची उजळणी बिरू दारात पोचायच्या आत झालेली असायची. कारण बिरू उगीच कधी कुणाच्या दारात गेला नव्हता. तो मयताचा सांगावा नेणारा माणूस होता.

हे काम त्याच्याकडं आलं ते पायांमुळं. बाप होता तोवर घरात दीडशे मेंढरं होती, आणि त्यांच्यामागं चालून बिरूचे पाय असे तयार झाले होते की एस.टी. चुकली तर तो तिची वाट बघत बसत नसे, पुढच्या गावात तिला गाठत असे. पुढं मेंढरं विकली, कालव्याच्या पाण्याखाली दीड एकर रान केलं, त्यात कांदा-वांगी लावली. पण पायांना ते पटलं नव्हतं. त्याच सुमाराला, म्हणजे बावन्न-त्रेपन्न साली, ज्यांच्या माथी गावकीनं पिढ्यान्पिढ्या सांगावे मारले होते त्या लोकांनी ते काम सोडलं. ‘आमची पोरं आता साळंत जात्यात, तुमची मढी तुमीच सांगा,’ असं त्यांनी चावडीवर सांगून टाकलं, आणि ते बरोबरच होतं. गाव आठ दिवस डोकं खाजवत बसलं. मग कुणाला तरी बिरूचे पाय आठवले.

सांगावा न्यायची एक रीत असते, आणि बिरू ती अगदी कडक सोवळ्यासारखी पाळायचा. पायताणं काढायची नाहीत. उंबऱ्याच्या आत जायचं नाही. पाणी घ्यायचं नाही, मग चैत्राच्या उन्हात जीभ टाळूला चिकटली तरी बेहत्तर. आणि ‘मेला’ हा शब्द तोंडातून काढायचा नाही. ‘तब्येत जरा जास्त हाय, बोलावलंय,’ एवढंच म्हणायचं. कुणी फारच खोदून विचारलं तर ‘तसं काय न्हाय, चांगला बोलतुया, घाबरू नका,’ म्हणायचं. एवढं ऐकलं की घरातली बाई हंबरडा फोडायची. धडधाकट माणसाची खुशाली सांगायला कोण दहा कोस चालत येतो?

पाच वर्षांत बिरूनं शंभरावर उंबरे पाहिले. मरणाची बातमी ऐकून कोण काय करेल याचा काही नेम नसतो, हे त्याला दुसऱ्या-तिसऱ्या खेपेलाच कळलं होतं. इंदापुरात एका बाईनं तव्यावरची भाकरी उलटली, चांगली शेकली, टोपलीत झाकून ठेवली, हात धुतले आणि मग भिंतीला टेकून ऊर बडवायला घेतला. एका सुनेला सासू गेल्याचं ऐकून हसू फुटलं. ते दाबायला तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला, आणि शेजारणी म्हणाल्या, बाई किती जिवाला लावून घेतलंय. एका बागायतदारानं चिखलाची पायताणं घेऊन दारात आला म्हणून बिरूलाच घटकाभर झापलं. कोऱ्हाळे बुद्रुकच्या एकानं सख्खा भाऊ गेल्याचं कळल्यावर पहिलं काय विचारलं, तर ‘त्याच्या गाईचं काय?’ बिरूला वाटलं, काय दगड माणूस आहे. तोच माणूस बावड्याच्या शिवेवर आला आणि मट्‌दिशी रस्त्यात बसला, दोघांनी उचलल्याशिवाय उठला नाही. गाईचं त्यानं विचारलं, कारण त्या वेळी तोंडाला दुसरं काही आलंच नव्हतं. सगळ्यांत मोठ्यानं रडणारं माणूस गाडीत सगळ्यांत शेवटी चढतं, हेही बिरूनं ताडून ठेवलं होतं.

त्याच्या स्वतःच्या डोळ्यांतून मात्र कधी टिपूस आलं नाही. पोस्टमन काय दुसऱ्याची पत्रं वाचून रडत बसतो?

एकच खंत त्याच्या मनाला लागून होती. उभ्या मुलखात आपल्याला बघून हसणारं माणूस नाही. लग्नाचं आवतण यायचं, पण सांगणारा हळूच म्हणायचा, ‘बिरूबा, अक्षता पडल्यावर आलास तरी चालंल.’ थोरल्या तीन पोरींची लग्नं झाली तेव्हा बोलणी करायला चुलत भाऊ गेला होता. आता राहिली होती चौथी. चौथीही मुलगीच झाली म्हणून आजीनं तिचं नाव नकोशी ठेवलं होतं, आणि नेमकी तीच बिरूची सगळ्यांत लाडकी होती. हिचं तरी आपण स्वतः जाऊन ठरवायचं, असं त्यानं मनाशी धरलं होतं.

स्थळ जुळवलं होतं शेजारच्या साखरबाईनं. साखरबाई म्हणजे सत्तरीतली, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पण जीभ अजून धारेची. तिची लेक ठमाबाई बारामतीच्या पलीकडं कऱ्हाटीला दिली होती. ठमाबाईचा मुलगा भीमा नकोशीसाठी बघितला होता. ठमाबाईचा नवरा गेणबा मुलाला घेऊन बावड्याला आला, पोरगी बघून गेला, पसंत म्हणून निरोपही आला. ठमाबाईला स्वतःला यायला जमलं नव्हतं. तिला तीन वर्षं माहेरी यायला जमलं नव्हतं. कधी दुभतं, कधी कांद्याची काढणी, कधी पाण्याची पाळी. आता फक्त ‘सोमवारी सुपारी फोडू, तुमी या’ एवढं जाऊन सांगायचं राहिलं होतं.

“तुमी जाऊ नगा,” बिरूची बायको छबूबाई म्हणाली. “ठमाबाईच्या बापाचा सांगावा तुमीच न्हेला हुता. तुमाला बघून ती काय समजंल?”

“जल्मात एकदा तरी चांगलं सांगाय जाऊ दे मला,” बिरू म्हणाला.

त्याचा चेहरा बघून छबूबाईनं हट्ट सोडला, पण चार गोष्टी पढवून पाठवलं. लग्नातला लाल पटका बांधा. दारात उभं राहू नका, सरळ ओसरीवर जाऊन बसा. पाणी दिलं की घ्या. आणि हसा. साखरबाईनं लेकीसाठी भुईमुगाच्या शेंगांचं गठुडं दिलं. बिरू दुपारच्या एस.टी.नं निघाला, बारामतीला मुक्काम केला आणि पहाटे कऱ्हाटीची वाट धरली. वाटेत माणूस नसेल तिथं तो हसायचा सराव करत होता.

ठमाबाई अंगण सारवत होती. बांधावरून लाल पटका येताना दिसला तेव्हा तिला काही वाटलं नाही. पटक्याखालचं तोंड ओळखलं आणि हातातलं शेण हातातच राहिलं. त्यात ते तोंड हसत होतं. बिरूला हसताना आजवर कुणी पाहिलं नव्हतं, त्यामुळं हे हसणं तिला फारच भयंकर वाटलं. कसेबसे हात धुऊन ती तांब्या घेऊन आली.

आणि इथं घात झाला. इतक्या वर्षांचं वळण! पाय आपोआप उंबऱ्याबाहेर थांबले, पायताणं पायातच राहिली, आणि तांब्या पुढं येताच हात आपोआप आडवा झाला.

“नगं आक्का, पानी नगं.”

तांब्या ठमाबाईच्या हातून गळून पडला. “आई?” तिनं विचारलं.

“आई झकास हाय. काल शेंगा निवडत हुती. तसं काय न्हाय, घाबरू नका.”

शब्द बाहेर पडले आणि बिरूनं जीभ चावली. पण तोवर ठमाबाईनं असा हंबरडा फोडला की कडब्याच्या गंजीवरची कोंबडी खाली आली. घाईघाईनं सावरायला म्हणून बिरूनं शेंगांचं गठुडं पुढं केलं. “ह्ये बगा, तिनंच दिलंय तुमाला.” ठमाबाईनं ते छातीशी धरलं. “जाता जाता माज्यासाठी शेंगा निवडत बसली गं माजी बया,” म्हणून ती दुप्पट जोरानं रडायला लागली.

गेणबा रानातून धावत आला. बिरूनं त्याला बाजूला घेतलं. “पावणं, ऐका. मी सोयरिकीचं बोलाय आलोय. सोमवारी सुपारी फोडायची. मयत-बियत काय न्हाय.”

गेणबानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्याचे डोळे भरून आले होते. “बिरूबा, तू भला मानूस. आमाला धक्का बसू नये म्हनून किती वळसं घालून सांगतुयास.”

आता काय करावं? म्हातारी जिवंत आहे हे सांगायला जे जे शब्द लागतात, ते सगळे बिरूनं पाच वर्षांत मेलेल्या माणसांसाठी वापरून संपवले होते. एक घोट पाणी पिऊन दाखवावं असंही त्याच्या मनात आलं. पण रडत्या घरात पाणी मागायचं कसं? चूल विझली, भाकऱ्या तशाच राहिल्या, आणि भावकीतली धरून अकरा माणसं उपाशीपोटी निघाली. अकरांच्या मागं लाल पटका बांधलेला बिरू.

कांद्याच्या ट्रकमधून बारामती झाली, एस.टी.नं इंदापूर झालं. वाटेत बिरू ज्याला त्याला पटवत होता, ‘आवो, म्हातारी जित्ती हाय,’ आणि ज्याला त्याला वाटत होतं, बिचाऱ्याला लईच लागलेलं दिसतंय. इंदापुरात अकलूजच्या गाडीची वाट बघताना मात्र एक वाईट गोष्ट झाली. बिरूलाच शंका यायला लागली. इतकी शहाणी माणसं इतक्या खात्रीनं रडतायत, त्यात काही तथ्य असेल तर? आपण निघालो काल दुपारी. सत्तरीची म्हातारी, जायला वेळ भरपूर होता. साखरबाई गेली असेल तर वर्षभर लग्न नाही, आणि ज्याच्या पायगुणानं आजी गेली त्याची पोरगी भीमाला कोण करून देतंय? नकोशीच्या लग्नाचं आपण आपल्या पायांनी वाटोळं केलं, असं वाटून तो गाडीत डोळे मिटून बसला. साखरबाई जिवंत असू दे, म्हणून त्यानं बिरोबाला पाच नारळ बोलले. इंदापूर सोडल्यावर ते अकरा केले.

बावड्याच्या वेशीतून मयताच्या घरापर्यंत हेल काढत जायचं, ही बायकांची पद्धत. ठमाबाईनं पदर तोंडावर ओढला आणि वेशीपासूनच सुरुवात केली. गल्लीतली माणसं दारात आली. ठमी रडत आलीय म्हणजे साखरबाई गेली असणार, पण मघाशी तर ती आपल्या कोंबड्यांना शिव्या देत होती, असं जो तो एकमेकांना विचारू लागला.

साखरबाई ओट्यावर लसूण सोलत होती. दिसत तर काहीच नव्हतं, पण लेकीचा आवाज तिनं वेशीतच ओळखला. तीन वर्षांत न आलेली लेक रडत माहेरी येतेय, म्हणजे काय समजायचं? जावई गेला. म्हातारीनं लसणाचं सूप भिरकावलं आणि गळा काढला.

पुढं जे झालं ते बावड्यात अजून सांगतात. ठमाबाई ओट्यावर आली, समोर कुणीतरी रडणारी बाई आहे एवढं तिला पदरातून कळलं, आणि ती तिच्या गळ्यात पडली. “आता मला बोळवायला वेशीपतूर कोन येईल गं,” असं लेक म्हणत होती. “तुज्या कपाळाचं कुंकू कुनी न्हेलं गं माजे बाय,” असं आई म्हणत होती. दोघी एकमेकींना थोपटत होत्या, एकमेकींचे डोळे पुसत होत्या, आणि इतक्या मन लावून रडत होत्या की मध्ये बोलायचं धाडस कुणाला होईना. बिरूनं साखरबाईचा आवाज ऐकला मात्र, इतके कोस चाललेला माणूस, पण रस्त्यातच खाली बसला.

शेवटी गेणबा अवघडून खोकला.

म्हातारी रडायची थांबली. कान देऊन म्हणाली, “ह्यो खोकला जावयाचा वाटतुया.”

“व्हय मामी, मीच हाय.”

“मंग मेलं कोन?”

ठमाबाईनं पदर बाजूला केला. आईचं तोंड बघितलं, हातांनी चाचपलं, आणि तिला इतका आनंद झाला की ती पुन्हा रडायला लागली. ते ओसरल्यावर लोक हसायला लागले, आणि लोक हसले तशी ती संतापली. घर उघडं टाकलं, चूल विझवली, अकरा माणसं उपाशी फरपटत आणली.

“ज्याचं पाऊल असलं अभद्र, त्याची पोरगी मला नगं,” ती बिरूकडं बोट करून म्हणाली. “ही सोयरीक मोडली.”

दाराआड नकोशी उभी होती, तिच्याकडं बघायचं बिरूनं टाळलं.

“मोडनारी तू कोन?” साखरबाई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. “ठमे, तुजा बा मेला तवा तू आलतीस. आज मी मेले म्हनून आलीस. मधल्या तीन सालात किती निरोप धाडलं मी? दुभतं आडवं आलं, कांदा आडवा आला. आज समदं टाकून आलीस की. मी जित्ती असताना तुला हितं आनायचं कुनाला जमलं न्हाय, ते ह्या बिरूला जमलं. आन त्याचं पाऊल अभद्र व्हय?”

ठमाबाईनं बिरूकडं रोखलेलं बोट खाली घेतलं.

मग म्हातारीचा सूर बदलला. “आन काय गं, वेशीपतूर बोळवायला मी येते, ते तुला आवडतं? कधी म्हनली न्हाईस ती.”

ठमाबाईनं आईच्या मांडीवर डोकं ठेवलं. तेवढ्यावर काम झालं. छबूबाईनं पिठल्याचं पातेलं चढवलं, शेजारणींनी भाकऱ्या थापल्या, आणि सोमवारची वाट न बघता दिवस मावळायच्या आत ओट्यावर सुपारी फुटली. मयताला आलेली माणसं सुपारीला बसली, फक्त कपाळाला कुंकू तेवढं नवीन लागलं. बिरूनं अकरा नारळ फोडले. एकेका घराला जाऊन त्यानं स्वतः सांगितलं, ‘माज्या नकोशीचं ठरलं,’ आणि लोक त्याला बघून पोट धरून हसले. जन्मात पहिल्यांदाच.

साखरबाईनं त्याला जवळ बोलावलं. “बिरू, माजा खरा सांगावाबी तूच न्यायचा. पर आज क्येलंस तसं नगं. आदी पानी प्यायचं, आत बसायचं, ठमीबरूबर भाकरी खायची, मंगच सांगायचं. अन्‌ सरळ सांगायचं. लेकीला उपाशी पळवू नगंस.”

“म्हातारे, तुला कशाला मरान येतंय,” बिरू म्हणाला.

पण ते दोन वर्षांनी आलंच. हरभरा काढायच्या दिवसांत एका पहाटे साखरबाई झोपेतच गेली. बिरू पहिल्या गाडीनं निघाला. नकोशीला तोवर मुलगा झाला होता, त्यामुळं लेकीच्या घरचं पाणी आता बापाला चालत होतं.

कऱ्हाटीला पोचल्यावर त्यानं अंगणात पायताणं काढली, सरळ ओसरीवर जाऊन बसला, आणि नकोशीनं आणलेला तांब्या एका दमात रिकामा केला. ते बघून ठमाबाई खळखळून हसली. “पानी घेतलंस, म्हंजी माजी आई झकास हाय.” बिरूनं मान खाली घातली. “आक्का, भूक लागलीया. तुमीबी बसा माज्यासंगट.”

ती बसली. शिमग्याला माहेरी जायचं म्हणून आईला लुगडं घेऊन ठेवलंय, ते सांगत राहिली. सुपारीच्या त्या दिवसापासून दरसाल दोनदा ती बावड्याला जात होती. बिरूचा पहिलाच घास तोंडात फिरत होता. तिची अर्धी भाकरी पोटात गेली असं बघून त्यानं ताट बाजूला सारलं. तोंडात जुनेच शब्द येत होते, तब्येत जास्त हाय, घाबरू नका. ते त्यानं गिळले.

“आक्का, म्हातारी गेली.”

ठमाबाईला पुन्हा हसू आलं. “दादा, एकदा फसले. आता न्हाय.”

शंभरावर उंबऱ्यांवर कोरडा राहिलेला तो माणूस पटक्याच्या शेवटानं डोळे पुसत होता, आणि ते पुसून संपत नव्हते.

“तुमाला उपाशी पळवू नगं म्हनली हुती,” तो म्हणाला.

हे आईचंच बोलणं, हे ठमाबाईला कळलं. ती ओरडली नाही, ऊर बडवला नाही. ताटात उरलेली अर्धी भाकरी तिनं सावकाश, सगळी खाल्ली. डोळ्यांतलं पाणी भाकरीवर पडत होतं, तेही खाल्लं. मग ती उठली, तांब्या पुन्हा भरला आणि बिरूच्या पुढ्यात ठेवला.

“घे दादा,” ती म्हणाली. “लांबनं आलायस.”

बिरूनं दोन्ही हातांनी तांब्या धरला आणि पाणी घेतलं.